घरच्या माणसाचे आभार

शिरूरच्या विचारोत्सवात शेवटचा शब्द दर वर्षी चांगदेवचा असायचा, आणि तो ऐकायला दर वर्षी कुणीही थांबायचं नाही. सूत्रसंचालकानं "आता आभारप्रदर्शनासाठी" एवढं म्हटलं की मांडवात सतरंज्यांवर खळबळ उडे. बाया मांडीवरची पोरं उठवायला लागत, पुरुष अंधुक उजेडात चपला चाचपत, आणि चांगदेव माईकपाशी पोचेपर्यंत निम्मा मांडव पाठमोरा झालेला असे. "मला गावातल्या मान्सांची तोंडं वळखू येत न्हाईत," तो चहाच्या टपरीवर सांगायचा, "पाठी मातर समद्यांच्या वळखतो." लोक हसायचे, आणि लोकांनी हसायच्या आत आपणच हसून घेतलं याचं त्याला समाधान वाटायचं.

स्वतःची टिंगल दुसऱ्यानं करण्याआधी आपणच उरकावी, हे त्याचं जुनं धोरण होतं. मूळ मांडवगण फराट्याचा, घरी बऱ्यापैकी बागायत, पण थोरल्या भावानं शेती सांभाळली आणि हा शिकला म्हणून शिरूरला एका शाळेत क्लार्क झाला. "भावानं नांगर धरला, म्या रजिस्टर धरलं. उभी रेघ त्योबी मारतो, मीबी मारतो, पर त्याच्या रेघंत ऊस उगवतो," हे त्याचं आवडतं वाक्य. शाळेत असताना वक्तृत्व स्पर्धेत उभा राहून "अध्यक्ष महोदय" म्हटल्यावर पुढचं सगळं विसरला होता आणि तीनदा "अध्यक्ष महोदय" म्हणून खाली बसला होता. हेही तो स्वतःच सांगायचा. मात्र कपाटात, प्रॉव्हिडंट फंडाच्या कागदांखाली, 'माणूस आणि विचार' या विषयावरच्या एका तासाच्या भाषणाची वही आहे, हे तो कुणालाच सांगायचा नाही.

त्र्याण्णव सालाच्या शेवटी हौसराव आप्पांच्या मनात आलं की पुण्यात व्याख्यानमाला होतात, तर आपण कुणाचं घोडं मारलंय? आप्पा मोठे बागायतदार, दोन-तीन संस्थांवर संचालक, त्यांच्या मनात आलं म्हणजे ते तालुक्याच्या मनात आल्यासारखंच होतं. जानेवारीत पाच दिवस ठरले. संध्याकाळी शाळेच्या पटांगणात व्याख्यान, सकाळी वर्गात कार्यशाळा. वेळेच्या नियोजनाची कार्यशाळा पावणेदोन तास उशिरा सुरू झाली, कारण मार्गदर्शक आप्पांच्या घरी पोह्यांना अडकले होते. रागावर ताबा कसा मिळवावा या कार्यशाळेत पहिल्या रांगेतल्या खुर्चीवरून दोन निवृत्त मास्तरांची अशी जुंपली की ते अजून एकमेकांशी बोलत नाहीत. तरी माणसं येत होती. न्हावऱ्याहून, निमोण्याहून जीप भरभरून येत, आणि रांजणगावच्या कंपन्यांतली पोरं फर्स्ट शिफ्ट सुटली की गणवेशातच येऊन मागच्या खांबाला टेकून डुलक्या घेत ऐकत.

समितीत चांगदेव होता. आपल्याला एक दिवस व्याख्यान देऊ द्यावं, असं तो पहिल्या बैठकीत म्हणणार होता. तोंड उघडलं तेवढ्यात आप्पा म्हणाले, "चांगदेव, तुझं अक्षर चांगलं हाय. तू आभार कर." अक्षराचा आणि आभाराचा संबंध काय, हे विचारायचं धाडस त्याला झालं नाही.

पण संबंध होता, हे त्याला पुढं कळलं. व्याख्यात्यानं काय सांगितलं हे दुसऱ्या दिवशी कुणाला आठवत नाही. आभारात कुणाचं नाव राहिलं, हे मात्र घराणी लक्षात ठेवतात. त्यापायी लग्नात मानाचा टॉवेल परत आल्याच्या गोष्टी तालुक्यात होत्या. म्हणून यादी हवी आणि ती वाचता यायला हवी. चांगदेवनं चौऱ्याण्णवच्या शेवटच्या दिवसासाठी निमंत्रणपत्रिकेच्या पाठीवर बारीक अक्षरात सदतीस नावं लिहिली. पाण्याचा टँकर देणारे, सतरंज्या देणारे, खुर्च्या देणारे, पाहुण्यांना आणायला गाडी देणारे, आणि 'येऊ शकत नाही असं वेळेवर कळवणारे', असे सगळे.

मल्हारीचं नाव त्यात नव्हतं.

मल्हारी निमोण्याचा. त्याच्या बापाची मेंढरं होती. उन्हाळ्यात दौंडकडं, बागायतदारांच्या रानात मेंढरं बसवायची, पावसाळ्याच्या तोंडाला परत यायचं, अशी त्या घराची रीत. मल्हारी शाळेपायी शिरूरला राहिला आणि चांगदेव आणि तो एकाच खोलीत पाच वर्षं राहिले. चांगदेवच्या घरून डबा यायचा, मल्हारीच्या घरून कधीमधी लोणी यायचं, आणि दोघं एका ताटात जेवायचे. मॅट्रिकला मल्हारी गणितात गेला. बापानं मेंढरं मोडली तेव्हा त्यातली पंधरा विकून त्यानं दोन कर्णे, एक माईक आणि मशीन घेतलं. लग्न, जत्रा, निवडणूक, तालुक्यात कुठंही आवाज मोठा करायचा असला की मल्हारीला बोलवत. स्वतः मात्र तो चार शब्द बोलायचा नाही.

पहिल्या विचारोत्सवाला त्यानं सगळा सेट फुकट लावला. शेवटच्या दिवशी व्याख्यान ऐन रंगात आलं आणि वीज गेली. मल्हारी अंधारात पळत गेला, आप्पांच्या ट्रॅक्टरची बॅटरी सोडून खांद्यावर घेऊन आला आणि मशीन त्यावर चालू केलं. ॲसिड सांडून त्याचा सदरा खांद्यावर विरला. व्याख्यान पूर्ण झालं, वीज आली, आणि चांगदेव आभाराला उभा राहिला. त्यानं वीज परत आणल्याबद्दल वायरमनचे आभार मानले. बॅटरी दिल्याबद्दल हौसराव आप्पांचे आभार मानले. सदतीसच्या सदतीस नावं घेतली, घाम पुसला आणि खाली बसायला वळला.

तेवढ्यात पाठमोऱ्या गर्दीतून कुणीतरी ओरडलं, "आन् स्पीकरवाल्याचं काय?"

चांगदेवनं पत्रिकेची पाठ वरून खाली चाळली. मल्हारी तिथंच, त्याच्या मागं चार हातांवर, मशीनपाशी उभा होता. चांगदेव त्याला साफ विसरला होता. दुसरं काही कारण नव्हतं. रोज डोळ्यांसमोर असलेला माणूस यादीत लिहायचा राहून गेला. पण आयुष्यात पहिल्यांदा, आणि तेही नको तेव्हा, चांगदेवला माईकवर वाक्य सुचलं. तो म्हणाला, "मल्हारी आमच्या घरचा माणूस आहे. घरच्या माणसाचे आभार मानून आम्ही त्याला परका करणार नाही."

टाळ्यांचा कडकडाट झाला. चपला शोधणारी माणसं चपला हातात घेऊन टाळ्या वाजवत होती. आप्पांनी मान डोलावली. व्याख्यात्यांनी हे वाक्य आपल्या वहीत टिपून घेतलं. चांगदेवनं मागं वळून मल्हारीकडं पाहायला हवं होतं, पण त्याची हिंमत झाली नाही.

आणि मग ते वाक्य त्याच्या मानगुटीवर बसलं. दुसऱ्या वर्षी त्यानं यादीत मल्हारीचं नाव पहिलं लिहिलं, तर आप्पा म्हणाले, "आरं, घरच्याचं नाव घ्यायचं नसतं, तूच म्हनलास की. लोकं काय म्हनतील?" तिसऱ्या वर्षी पत्रिकेत सगळ्यांची नावं छापली, मल्हारीचं वगळलं. पाहुण्यांच्या हस्ते कार्यकर्त्यांना शाली दिल्या, मल्हारीला नाही, कारण घरच्याला कसली शाल. समितीला ही सोय फार आवडली. मल्हारी दर जानेवारीला बिनबोभाट यायचा, कर्णे बांधायचा, पाच दिवस मशीनपाशी बसायचा, आणि नाव नाही, शाल नाही, काही नाही.

चांगदेवला खात्री होती की मल्हारीला सगळं कळलेलं आहे. विसरलेला माणूस आणि न मानलेले आभार यांतला फरक शाळेत एका ताटात जेवलेल्याला कळणार नाही होय? आणि कळूनही हा काही बोलत नाही, म्हणजे मनात धरून बसलाय. मग मल्हारी जे जे करी, त्यात चांगदेवला टोमणाच दिसायचा.

नीलमच्या, म्हणजे चांगदेवच्या लेकीच्या लग्नात मल्हारीनं कर्णे लावले, आणि एवढ्यावर न थांबता कंबरेला टॉवेल गुंडाळून चार पंगती वाढल्या, पाहुण्यांचं उष्टं उचललं. चांगदेव बोहल्याजवळून ते बघत होता आणि मनात म्हणत होता, बघा, मला दाखवतोय, घरचा म्हणालास ना, मग घे. मल्हारीच्या लेकाचं, माऊलीचं लग्न ठरलं, तर पत्रिकेत निमंत्रकांमध्ये, त्याच्या सख्ख्या चुलत्यांच्या ओळीत चांगदेवचं नाव छापलेलं. चांगदेव ती पत्रिका हातात घेऊन अर्धा तास बसला. "काय जहरी टोमणा हाय," तो बायकोला म्हणाला.

कस्तुरा शेंगा फोडत होती. तिनं पत्रिका वाचली, उलटी करून पाहिली. "मला तर सरळच दिसतंय," ती म्हणाली. "तुमी त्याला घरचा म्हनलात. त्यानं तुमाला घरचा म्हनलं. बारा गावच्या लोकांत म्हनायचं आन् दिवाळीला फराळाला मातर बोलवायचं न्हाई, ही तुमची रीत. त्याची न्हाई."

चांगदेवची आई गेली तेव्हा तर कहर झाला. दहाव्याला नदीकाठी भावकीतले पुरुष न्हाव्यासमोर ओळीनं बसले होते. चांगदेव बसला, थोरला भाऊ बसला, पुतणे बसले, आणि त्यांच्या शेवटी मल्हारी येऊन टोपी काढून बसला. फराट्यातले दोन म्हातारे एकमेकांकडं बघायला लागले. धनगराचा मल्हारी आपल्या म्हातारीच्या दहाव्याला डोकं भादरतोय, हे त्यांना उमजेना. मल्हारी खाली मान घालून बसला होता आणि न्हाव्यानं त्याचे केस काढले. चांगदेवला त्या दिवशीही वाटलं की माणसानं मनात धरावं तरी किती, की टोमण्यापायी डोकं भादरावं. आज हे आठवलं की त्याला स्वतःच्या अकलेची कीव येते. पण तेव्हा वाटलं, हे खरं.

दोन हजार सहाचा विचारोत्सव आला. माऊली रांजणगावला कंपनीत पर्मनंट झाला होता. डीजेच्या भल्यामोठ्या पेट्यांपुढं कर्ण्यांना कुणी विचारत नव्हतं. मल्हारीनं सेट दौंडच्या एकाला द्यायचं ठरवलं. डिसेंबरच्या बैठकीत तो दारातच उभा राहून म्हणाला, "आप्पा, ह्ये शेवटचं वरीस. पुढच्या साली दुसरा बघा." आप्पा बरं म्हणाले आणि पुढच्या विषयाकडं वळले.

चांगदेव त्या रात्री घरी जेवला नाही. बारा वर्षं तो म्हणत आला होता की एकदा सांगून टाकू. आता मल्हारी निघून जाणार, आणि ते खोटं कायमचं राहणार. त्यानं कस्तुराला सांगितलं, "या खेपंला मी खरं सांगनार. घरचा म्हनून न्हवं, विसरलो म्हनून नाव राहिलं. भर सभेत सांगनार."

"सांगा की. पर सभेत कशाला? निमोण्याला जावा, त्याच्या वसरीवर बसा, आन् सांगा."

"माईकवर झालेली चूक माईकवरच दुरुस्त करावी लागती."

कस्तुरानं त्याच्याकडं बघितलं. "चूक दुरुस्त करायची हाय का अजून एकदा टाळ्या घ्यायच्यात?"

हे वाक्य चांगदेवला चांगलंच लागलं, आणि लागलं म्हणूनच त्यानं ते मनावर घेतलं नाही.

समारोप रविवारी दुपारी चारला होता. पुण्याचे मोठे व्याख्याते यायचे होते. चार वाजले, साडेचार वाजले, मांडव भरला आणि आप्पांच्या मोबाईलवर निरोप आला की गाडी शिक्रापूरला बंद पडली आहे, दुसरी करून येतोय, तासभर लागेल. आप्पांनी व्यासपीठावर इकडं तिकडं पाहिलं. तासभर लोक धरून ठेवील असा माणूस त्यांना दिसेना. शेवटी नाइलाजानं ते चांगदेवकडं वळले. "चांगदेव, ऊठ. गाडी येईस्तवर खेच."

बारा वर्षं ज्या क्षणाची वाट पाहिली तो असा आला, बंद पडलेल्या गाडीच्या कृपेनं. चांगदेव माईकपाशी गेला. वही घरी कपाटात होती. तरी त्याला ती पाठ होती. "अध्यक्ष महोदय, आणि मित्रहो," तो म्हणाला, "माणूस म्हणजे काय? आणि विचार म्हणजे काय?" दोन्ही प्रश्न त्यानं विचारले आणि दोन्हींची उत्तरं त्याच्या डोक्यातून उडाली. पुढच्या रांगेत एक जण जांभई देता देता थांबला. मागून कंपनीतल्या पोरांपैकी कुणीतरी म्हणालं, "सर, आभार माना." मांडव हसला. चांगदेवही हसला. हसण्यावाचून त्याला दुसरं येत तरी काय होतं?

"खरंय तुमचं," तो म्हणाला. "विचार काय असतो ते मला ठाऊक न्हाई. मी आभारच मानतो."

आणि तो सुरू झाला. हातात यादी नव्हती. त्यानं नुसतं समोर बघितलं, आणि बारा वर्षांत पहिल्यांदा त्याला पाठींऐवजी तोंडं दिसली. समोर रंगुबाई बसली होती. पाच दिवस पाहुण्यांच्या चहाची भांडी ती घासायची, तिचं नाव त्यानं घेतलं. पटांगणावर पाणी मारणारा खंडू, बारा वर्षं एकही व्याख्यान न चुकवणारा आणि एकाही व्याख्यानात जागा न राहिलेला पोस्टातला म्हातारा, कार्यशाळेत भांडलेले दोन मास्तर, चपला सांभाळणारं कुणी नसताना कुणाची चप्पल न गेल्याबद्दल सगळा तालुका. लोक हसायला लागले, एकमेकांना कोपरानं ढोसायला लागले. उठलं मात्र कुणी नाही. आपलं नाव कधी येतंय, म्हणून जो तो मान उंच करून बसला होता. आभाराला मांडव भरलेला, हे दृश्य शिरूरनं तोपर्यंत पाहिलेलं नव्हतं. आप्पासुद्धा खुर्चीत पुढं सरकून बसले.

पाऊण तास झाला. फाटकातून व्याख्यात्यांची गाडी आत येताना दिसली. चांगदेवचा आवाज आता चांगला लागला होता, अंगात वारं शिरलं होतं, आणि त्याच वाऱ्यावर तो म्हणाला, "आता शेवटचं नाव. बारा वर्षांपूर्वी मी इथंच म्हणालो होतो की मल्हारी घरचा माणूस, म्हणून त्याचे आभार मानत नाही. मित्रहो, ते खोटं होतं. घरचा-बिरचा काही नाही. मी त्याला विसरलो होतो. सदतीस नावं लिहिली, वायरमनचं नाव घेतलं, ज्यांची बॅटरी त्या आप्पांचं घेतलं, आणि ज्यानं ती खांद्यावर आणली तो विसरलो. माझ्यासारखा गाढव तालुक्यात शोधून सापडायचा नाही. चूक झाकायला सुचलं ते बोललो, तुम्ही टाळ्या वाजवल्या, आणि त्या टाळ्यांवर या बिचाऱ्याला आपण बारा वर्षं फुकट राबवलं."

मांडव खदखदून हसला. मग टाळ्या सुरू झाल्या. लोक उभे राहिले. चौऱ्याण्णवच्या टाळ्या यापुढं काहीच नव्हत्या. चांगदेव मागं वळला, या खेपेला हिमतीनं, आणि म्हणाला, "मल्हारी, तुझे मनापासून आभार." मल्हारी मशीनच्या बटणांवर वाकला होता. त्याचं तोंड दिसलं नाही. त्याला भरून आलं असेल, असं चांगदेवला वाटलं. त्याला स्वतःला तर भरून आलंच होतं.

व्याख्याते आले. प्रामाणिकपणावर याहून मोठं व्याख्यान मी देऊ शकणार नाही, असं म्हणून त्यांनी आपलं भाषण वीस मिनिटांत संपवलं. लोक चांगदेवला भेटायला आले, हात मिळवून गेले. आप्पांनी पाठीवर थाप मारली. "पुढच्या साली तुझंच एक व्याख्यान ठिवू," ते म्हणाले. चांगदेव जमिनीवर नव्हता.

पटांगण रिकामं झालं तेव्हा ऊन कलंडलं होतं. चांगदेव व्यासपीठाच्या मागं गेला. मल्हारी वायर गुंडाळत होता, अंगठा ते कोपर, अंगठा ते कोपर. माऊली टेम्पोत कर्णे चढवत होता. चांगदेवकडं त्यानं पाहिलं नाही.

"झालं बाबा मल्हारी," चांगदेव म्हणाला. "बारा वर्सांचं वझं उतरलं."

"उतरलं का? बरं झालं."

"तुला तर कवाच कळलं असंल म्हना."

"काय?"

"मी विसरलो हुतो, ते."

मल्हारीचा हात थांबला. "न्हाई," तो म्हणाला. त्याला बोलायची सवय नव्हती, शब्द गोळा करायला त्याला वेळ लागला. "त्या दिवशी घरी गेलो, आन् आईला सांगितलं. म्हनलं, मांडवगणच्या चांगदेवनं भर सभेत मला घरचा म्हनलं. तिला खरं वाटंना. दोनदा सांगाय लावलं. मग मी ठरवलं, म्हनलंय तर आपून तसंच वागायचं. कमी पडायचं न्हाई."

चांगदेवनं बाजूच्या खुर्चीची पाठ धरली. लग्नातल्या पंगती, ती पत्रिका, नदीकाठची ती ओळ, सगळं एकदम त्याच्या अंगावर आलं, आणि त्यात टोमणा कुठंच नव्हता. बारा वर्षं त्याला एक भाऊ होता, आणि पाऊण तासापूर्वी, टाळ्यांच्या गजरात, त्यानं त्या भावाला सगळ्या तालुक्यादेखत घराबाहेर काढलं होतं. त्याला शरमेनं मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"मल्हारी, चुकलं माझं," तो म्हणाला. "तसं न्हवतं म्हनायचं मला. आरं, तू घरचाच."

मल्हारीनं गुंडाळलेली वायर पिशवीत ठेवली, पिशवीची दोरी आवळली, हात धोतराला पुसले. मग तो चांगदेवपुढं आला आणि त्यानं दोन्ही हात जोडले, गावात पाहुण्या माणसाला जोडतात तसे.

"येवढ्या लोकांत माझं नाव घेतलंत," तो म्हणाला. "तुमचा आभारी हाय, चांगदेवराव."

टेम्पो निघून गेला. चांगदेव चालत घरी आला. कस्तुरा सभेहून आधीच परतली होती आणि भाकरी थापत होती. तिनं त्याचं तोंड पाहिलं. मग परातीतला हात न थांबवता म्हणाली, "काय म्हनला मल्हारी?"

"आभार मानले त्यानं माझे," चांगदेव म्हणाला.

कस्तुराचा हात थांबला. तव्यावरची भाकरी करपायला लागली तरी तिनं ती उलटली नाही. चांगदेव दारात तसाच उभा होता, आणि बारा वर्षांत पहिल्यांदा त्याला स्वतःवर हसावंसं वाटत नव्हतं. "निमोण्याला शेवटची यस्टी किती वाजता असती?" त्यानं विचारलं.

"साडेसातला," कस्तुरा म्हणाली. "आन् तिथं गेल्यावर काय बी बोलू नका. नुसतं वसरीवर बसा."